गायकाची पट्टी आणि गिटारचा कॅपो: निवडायचा कसा, लावायचा कसा

सांगली-मिरजेकडे गाणाऱ्याला ‘स्केल कोणता’ असं फारसं कोणी विचारत नाही. ‘पट्टी कोणती?’ असं विचारतात आणि ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ असं उत्तर येतं. गणपतीतला वाद्यवृंद असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, नाहीतर भावे नाट्यमंदिरातला भावगीतांचा कार्यक्रम, पेटीवाला त्या पट्टीवर बोट ठेवतो आणि गाणं सुरू होतं. अडचण होते गिटारवाल्याची. त्याच्या हातात जी, सी, डी, ई मायनर हे मोकळ्या तारांचे कॉर्ड बसलेले असतात आणि गायिका सांगते, ‘काळी पाच’.

अशा वेळी आपल्याकडची मुलं बऱ्याचदा खुंट्या पिळायला घेतात. त्यांना दोष देता येत नाही. मिरजेत सतार-तानपुरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि तानपुरा गायकाच्या पट्टीला लावायचा असतो हे इथल्या गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. पण तानपुरा त्या पट्टीचा विचार करूनच बांधलेला असतो. पुरुषांचा मोठा, बायकांचा लहान, आणि ताराही त्याच हिशोबाच्या. गिटार एका ठरलेल्या ट्यूनिंगसाठी बांधलेली असते. ०.०१२ इंचापासून सुरू होणारा तारांचा सेट लावलेली अकूस्टिक गिटार नेहमीच्या ट्यूनिंगलाच सुमारे ७० किलोचा ताण सोसत असते. सगळ्या तारा दोन अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या, चढवल्या की तो ताण सव्वापट होतो, म्हणजे ९० किलोच्या घरात जातो. तार तुटली तर स्वस्तात सुटलात असं समजा. नाहीतर काही काळाने ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची पट्टी) मागच्या बाजूने उचलायला लागतो, नेक (गिटारचा दांडा) पुढे वाकते, आणि मग दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीला टेकतो.

कॅपो, म्हणजे नेकवर लावायचा चिमटा, हा ताण जवळजवळ वाढवतच नाही. तो सहाही तारा एखाद्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून धरतो, म्हणजे नट (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) तेवढा पुढे सरकल्यासारखा होतो. एक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर. बोटांचे आकार तेच राहतात, सूर वर जातो. हे साधं आहे. पण चुकीचा कॅपो किंवा चुकीचा दाब असेल तर सगळी गिटार बेसूर होते, आणि दोष वाजवणाऱ्याच्या कानाला दिला जातो. म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहितो आहे.

आधी आपली गिटार बघा

कॅपो विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी मोजायच्या. पहिली, फिंगरबोर्डचा, म्हणजे नेकवर बोटं टेकतात त्या फळीचा, बाक. एक स्टीलची पट्टी घ्या आणि तिची धार पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या आसपास, तारांच्या खालून, फिंगरबोर्डवर आडवी टेकवा. तारा बदलायला काढल्या असतील तर हे फारच सोपं जातं. पट्टी मध्यभागी टेकली आणि दोन्ही कडांना फट दिसली, तर बोर्ड बाकदार आहे. सगळीकडे सपाट टेकली, तर तो क्लासिकल पद्धतीचा आहे. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारचा बाक साधारण १२ ते १६ इंच त्रिज्येचा असतो. इलेक्ट्रिकचा बऱ्याचदा त्याहून जास्त, म्हणजे साडेनऊ इंच किंवा जुन्या पद्धतीच्या गिटारवर सव्वासात इंच. आकडा जितका लहान तितका बाक जास्त.

दुसरी गोष्ट रुंदी. स्टीलच्या तारांच्या गिटारचा नट सुमारे ४३ मिलिमीटरचा, नायलॉनच्या क्लासिकलचा ५२ च्या आसपास. बाकदार, आखूड कॅपो सपाट रुंद बोर्डवर लावला की तो काही तारांवर जास्त बसतो, काहींवर कमी, आणि कधी सहाव्या तारेपर्यंत पोचतच नाही. उलट सपाट कॅपो बाकदार बोर्डवर लावला की मधल्या तारा दबतात आणि कडेच्या झिणझिणतात. दुकानदार ‘सगळ्याला चालतो’ म्हणतो तेव्हा या दोन मापांची आठवण ठेवा. बारा तारांच्या गिटारला तर वेगळाच लागतो, कारण तिथे जाड तारेला लागूनच बारीक तार असते आणि पातळ रबर त्या बारकीला दाबतच नाही.

कोणत्या जातीचा घ्यावा

बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो स्प्रिंगचा, ज्याला ट्रिगर कॅपो म्हणतात. एका हाताने दाबला की उघडतो, सोडला की बसतो. दोन गाण्यांमध्ये पटकन हलवायचा असेल तर याच्यासारखा दुसरा नाही. याची अडचण एकच: दाब तुमच्या हातात नसतो. स्प्रिंग जेवढी कडक तेवढा दाब, आणि नेक जसजशी बॉडीकडे जाड होत जाते तसतशी स्प्रिंग जास्त उघडते आणि दाब आणखी वाढतो. स्वस्त ट्रिगर कॅपोची स्प्रिंग गरजेपेक्षा फार कडक असते.

दुसरा स्क्रूचा. मागे स्क्रू असतो, तो फिरवून हवा तेवढाच दाब द्यायचा. लावायला वेळ लागतो, पण सुराला हा सगळ्यात चांगला. तिसरा या दोन्हींच्या मधला, लिव्हरचा. शब कंपनीचा कॅपो याच जातीचा. एकदा स्क्रूने दाब ठरवायचा आणि मग लिव्हर झटक्यात बंद करायची. फ्रेट बदलला की नेकच्या जाडीप्रमाणे स्क्रू थोडा कमी-जास्त करावा लागतो, एवढंच. इलॅस्टिकच्या पट्ट्याचेही मिळतात. अगदी हलके, स्वस्त, पण पट्टा लवकर सैल पडतो.

माझं मत विचाराल तर, घरी बसून शिकणाऱ्याने आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्क्रूचा किंवा लिव्हरचाच घ्यावा. दर गाण्याला पट्टी बदलते अशा कार्यक्रमात वाजवणाऱ्याने ट्रिगरचा घ्यावा, पण जरा चांगल्या स्प्रिंगचा. दोनशे-तीनशे रुपयांचा कॅपो वाईटच असतो असं नाही. त्यातलेही नीट चालणारे असतात, फक्त पारखून घ्यावे लागतात.

दुकानात पारख

गिटार सोबत न्या. कॅपो गिटारशिवाय विकत घेऊ नका. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करता येईल असाच मागवा आणि पाकिटावर तो बाकदार बोर्डचा आहे की सपाट, हे वाचा.

आधी कॅपो उघडून उजेडात धरा. तारांवर बसणारं रबर सलग, सरळ आणि धातूच्या कडेपर्यंत पोचलेलं हवं. नेकच्या मागे टेकणाऱ्या भागावरचं रबर बोटाने चाचपा. तिथे धातूची कड उघडी असेल तर ती पहिल्याच आठवड्यात नेकच्या पॉलिशवर रेघ ओढेल. रबर नखाने दाबून बघा. थोडं दबून परत वर आलं पाहिजे. दगडासारखं कडक रबर बारीक तार दाबत नाही, आणि फार मऊ रबरात तार रुतते, त्यामुळे आवाज बसका येतो.

मग गिटार ट्यूनरवर नीट लावून घ्या आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटला लावा. आता तारा जाडीकडून एफ शार्प, बी, ई, ए, सी शार्प, एफ शार्प अशा दिसल्या पाहिजेत. एकेक तार सावकाश छेडा. काटा तीन-चार सेंट उजवीकडे सरकला तर चिंता नाही, एका अर्धस्वरात १०० सेंट असतात. दहा सेंटच्या पुढे गेला, किंवा एक तार चढली आणि शेजारची नाही, तर तो कॅपो तुमच्या गिटारचा नाही. दुसरा मागा. दुकानदाराला घाई असली तरी ही दोन मिनिटं घ्याच.

लावायची पद्धत

एक. कॅपो न लावता गिटार आधी सुरात आणा. मुळात बेसूर असलेली गिटार कॅपोने सुरात येत नाही.

दोन. कॅपो फ्रेटच्या धातूवर नाही, आणि दोन फ्रेटच्या बरोबर मध्येही नाही. ज्या फ्रेटचा सूर हवा त्याच्या अगदी मागे, खुंट्यांच्या बाजूला, धातूला जेमतेम न चिकटता लावायचा. फ्रेटजवळ लावला की कमी दाबात तार बसते. मध्यावर लावला की तीच तार बसवायला जास्त दाबावं लागतं, ती लाकडाकडे ओढली जाते आणि सूर चढतो. धातूवरच चढवला तर सूर मुका होतो.

तीन. कॅपो फ्रेटला समांतर हवा. वरून बघा: एक टोक पुढे आणि एक मागे असेल तर सहावी तार एक बोलते आणि पहिली दुसरंच.

चार. ट्रिगर कॅपो तिरका आणून सोडू नका. तिरका बसताना तो तारा बाजूला ओढतो आणि त्या तशाच दाबल्या जातात. दोन्ही जबडे पूर्ण उघडा, सरळ खाली आणा, रबर सहाही तारांना एकदम टेकू द्या आणि मग पकड हळू सोडा. ‘फट्’ असा आवाज होईल असा सोडलात तर नेकलाही मार बसतो आणि सूरही हलतो.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाब. स्क्रूच्या कॅपोवर हे नीट ऐकता येतं. स्क्रू सैल असताना तारा छेडा. सगळ्या मेलेल्या, ठक् ठक् वाजतील. स्क्रू हळूहळू आवळत जा आणि छेडत राहा. आधी जाड तारा बोलायला लागतात, मग मधल्या, आणि एखादी अजून किणकिणत राहते. ती किणकिण ज्या क्षणी जाते तिथे थांबा, आणि फक्त पाव फेरा आणखी द्या. बस. त्याच्या पुढे आवळलेला प्रत्येक फेरा सूर बिघडवतो. फ्रेट उंच असतील तर जास्तच, कारण तारेला खाली जायला जागा जास्त असते.

सहा. आता ट्यूनर परत बघा. जाड ई बहुतेक वेळा थोडी चढलेली सापडते. ती बारीकशी उतरवा. मात्र कॅपो लावलेला असताना खुंटी जास्त फिरवू नका. रबराखाली तार अडकून राहते, कॅपोच्या मागचा ताण आणि पुढचा ताण वेगळा होतो, आणि दोन मिनिटांनी तार आपोआप सरकून परत बेसूर होते. उतरवल्यावर तार हलक्या हाताने एकदा वर ओढून सोडा आणि परत तपासा. जास्त फरक असेल तर कॅपो काढा, पुन्हा लावा.

फ्रेट बदलताना कॅपो सैल करून उचला आणि नव्या जागी ठेवा. आवळलेला कॅपो तारांवरून घसरवत नेला तर रबर फाटतं, तारा ओढल्या जातात आणि नेकच्या मागे पॉलिश घासतं.

लहान मुलांना ट्रिगर कॅपो देताना जपा. स्प्रिंगमध्ये बोट सापडलं तर चांगलं दुखतं, आणि कडक स्प्रिंग त्यांच्या पंज्यात पूर्ण उघडत नाही. त्यांना स्क्रूचाच द्या. पेन्सिल आणि रबरबँडचा घरगुती कॅपोही टाळा. सहा कोनांची पेन्सिल तारा सारख्या दाबत नाही आणि नेकवर खुणा सोडते.

पट्टीवरून फ्रेट

पांढरी एक म्हणजे सी, दोन म्हणजे डी, तीन म्हणजे ई, पाच म्हणजे जी आणि सहा म्हणजे ए. या पाच पट्ट्यांना कॅपो लागतच नाही. बाकीच्यांना असं लावा:

काळी एक: सी चे आकार पहिल्या फ्रेटवर, किंवा ए चे चौथ्यावर.
काळी दोन: डी चे पहिल्यावर, किंवा सी चे तिसऱ्यावर.
पांढरी चार: डी चे तिसऱ्यावर, किंवा ई चे पहिल्यावर.
काळी तीन: डी चे चौथ्यावर, किंवा ई चे दुसऱ्यावर.
काळी चार: जी चे पहिल्यावर, किंवा ई चे चौथ्यावर.
काळी पाच: जी चे तिसऱ्यावर, किंवा ए चे पहिल्यावर.
पांढरी सात: ए चे दुसऱ्यावर, किंवा जी चे चौथ्यावर.

दोन पर्यायांतला कोणता घ्यायचा हे गाण्यावर ठरवा. खालच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या, फ्रेटवर आवाज भरदार राहतो. वर जाल तसा तो कोवळा आणि किणकिणता होतो. मंचावर दोन गिटार असतील तर काळी पाचला एकाने पहिल्यावर ए चे आणि दुसऱ्याने तिसऱ्यावर जी चे आकार वाजवावेत. सूर एकच, पण भरणा फार छान होतो. सातव्या फ्रेटच्या पुढे सहसा जाऊ नका. ६५० मिलिमीटरच्या तारेची सातव्या फ्रेटवर ४३४ मिलिमीटरच बोलती लांबी उरते, आणि सूर जुळवणंही तिथे कठीण जातं.

एक खाचखळगा. अभंग-भजनाला गायक कधी म्हणतो, ‘काळी एकचा मध्यम धर.’ म्हणजे काळी एकच्या मध्यमाला तो सा मानणार आहे. तुमच्यासाठी ती काळी तीन झाली. हे न विचारता सी चे आकार पहिल्या फ्रेटवर लावून बसलात तर पहिल्या ओळीलाच गडबड होते. मंचावर चढायच्या आधी विचारून घ्या.

अभंगाचाच विषय निघाला म्हणून सांगतो: अर्धा कॅपोही मिळतो, जो पाचवी, चौथी आणि तिसरी या तीनच तारा दाबतो. दुसऱ्या फ्रेटला लावला की तारा ई, बी, ई, ए, बी, ई अशा होतात. ई ला सा माना. सा, प, सा, म, प, सा. खाली सा-पचा भरणा सतत चालू राहतो आणि वरती तुम्ही चाल वाजवू शकता. ज्यांना एकट्याने भजन म्हणत गिटार वाजवायची आहे त्यांनी तो एकदा जरूर वापरून बघावा.

पेटीशी जुळवताना

जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या ए ला असेलच असं नाही. देवळातल्या, मंडळातल्या पेट्यांचे सूर वर्षानुवर्षं लावलेले नसतात, आणि कधी अख्खी पेटीच थोडी चढी किंवा उतरी असते. हा फरक अर्धस्वराहून कमी असतो, म्हणून कॅपो हलवून तो जात नाही. बऱ्याच ट्यूनरमध्ये ४४० चा आकडा वर-खाली करता येतो. पेटीवाल्याला पांढरी सहा धरायला सांगा, काटा मध्यावर येईपर्यंत आकडा बदला, आणि मग त्या आकड्यावर कॅपोशिवाय गिटार लावा. ४४५ पर्यंत चढवलीत तरी तारांचा ताण जेमतेम दोन-सव्वादोन टक्के वाढतो. त्याने गिटारला काही होत नाही. त्यानंतर कॅपो लावा.

झिणझिण आली तर

तानपुऱ्यात जवारी म्हणून जी झिणझिण आपण मुद्दाम घडवून घेतो, तीच गिटारमध्ये दोष असते. ती कुठून येते हे शोधायला घाई करू नका. कॅपो थोडा फ्रेटजवळ सरकवा. नाही गेली तर पाव फेरा द्या. तरी एकाच तारेला राहिली, तर त्या तारेखाली रबरात खाच पडली आहे का ते बघा. रबर उजेडाकडे तिरकं धरलं की सहा ओळी दिसतात. नवीन कॅपोनेही ती तार त्याच फ्रेटवर झिणझिणते, तर फ्रेट झिजलेला आहे.

सगळ्याच तारा झिणझिणत असतील तर नेक तपासा, आणि इथे कॅपो फार उपयोगी पडतो. तो पहिल्या फ्रेटला लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटला बोटाने दाबा आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली फट किती ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. गाडीच्या गॅरेजमध्ये टॅपेटसाठी फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचं माप) असतं, ते इथेही चालतं. फट अजिबात नाही किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या वर आहे, तर जाणकार कारागिराकडे जा. ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) स्वतः फिरवत बसू नका.

जपणूक

वाजवून झालं की कॅपो काढा. रात्रभर लावून ठेवलात तर रबराला खाचा पडतात आणि सकाळी तारा सुरात नसतात. गिटार महागडी आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या पॉलिशची असेल तर आणखी जपा, कारण काही रबरं आणि प्लास्टिकं त्या पॉलिशला चिकटून डाग पाडतात. गिटारच्या डोक्यावर, खुंट्यांच्या भागावर, कॅपो लावून ठेवायची पद्धत दोन गाण्यांच्या मधे ठीक आहे, पण तो नट आणि खुंट्यांच्या मधल्या तारांवर दाबून लावू नका. त्याने सूर हलतो.

कॅपो काढल्यावर एखादी तार चढलेलीच राहिली तर ती नटच्या खाचेत अडकली आहे. तारा बदलताना खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, अडकणं कमी होतं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. बंद गाडीत गिटार तर ठेवायचीच नाही, कॅपोही ठेवू नका. रबर चिकट होतं आणि मग तारांना लागत राहतं. पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगतं, तारा बोर्डपासून थोड्या उंच जातात, आणि उन्हाळ्यात बरोबर असलेला दाब तेव्हा सूर चढवतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये स्क्रूचा दाब नव्याने ठरवून घ्या. स्प्रिंगला गंज धरू नये म्हणून कार्यक्रमानंतर घामाचा कॅपो सुक्या फडक्याने पुसून बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात टाका. आतल्या बाजूला मोकळा टाकलात तर बुलेटवरून तासगाव-विट्याला जाईपर्यंत तो गिटारच्या पुढच्या फळीवर ठोके पाडतो.

रबराला खोल खाचा पडल्या की बऱ्याच चांगल्या कॅपोंचं रबर वेगळं मिळतं, तेवढंच बदला. ते मिळत नसेल आणि आतला धातू दिसायला लागला असेल, तर तो कॅपो गिटारला लावू नका.